दहा सेकंदांची अंगाई

रोज सकाळी नऊला ती बांगड्या काढून खणात ठेवी, पहिलं यंत्र उचली, अंगठ्याने त्याचं बटण दाबून धरी आणि गुणगुणू लागे. अंगाई बरोबर दहा सेकंदांची होती. शेवटचा सूर विरला की यंत्राचा हिरवा दिवा मावळे आणि ती पुढचं उचली. टेबलावर स्टॉपवॉच होतं, पण त्याचा उपयोग ती चष्मा टेकवून ठेवायला करी. सगळा कारखाना तिला अंगाईबाई म्हणे.

यंत्र सुपारीपेक्षा जरासं मोठं, गळ्यात घालायचं. घरात एकटं असलेलं म्हातारं माणूस पडलं आणि त्याने बटण दाबलं, की लेकाच्या फोनवर हाक जाई. यंत्राच्या पोटात बॅटरी आणि बॅटरीवर पहारा करणारी मसुराच्या दाण्याएवढी चिप.

"ही घरातली थोरली जाऊ," बाई नव्या माणसांना सांगे. "किल्ल्या हिच्याकडे. कुणाला किती वाढायचं ते हीच ठरवणार."

बटण दहा सेकंद दाबलं की थोरली जाऊ सगळी दारं लावून घेई आणि इतकी गाढ झोपे, की भरलेली बॅटरी खोक्यात दोन वर्षं पुरावी. जागी राहिली तर बारा दिवसांत खडखडाट. झोपेत ती किती वीज खाते, हे बाई एका नाजूक मीटरवर मोजे. मोजताना कुणी टेबलाला धक्का दिला तर त्याची धडगत नसे.

एकवीस वर्षं हे असं चाललं होतं. मग एका आठवड्यात दुकानांतून चारशे यंत्रं परत आली. खोकी उघडली तर आत सगळी ठार.

साहेबांनी बाईला बोलावलं. साहेब नवे होते, तिशीतले, आणि कागदावर सही असली की जग सुरळीत चालतं अशा समजुतीचे.

"बाई, तुमची अंगाई कच्ची पडतेय. सोमवारी तुमच्या टेबलावर मशीन बसेल. तुम्ही पॅकिंगला."

खोकी चिकटवायची तिला लाज नव्हती. पण चारशे म्हाताऱ्यांच्या हाका आपल्या हातून गेल्या, हा ठपका घेऊन ती त्या टेबलावरून उठणार नव्हती.

"माझ्याकडून झोपलेलीच जातात, साहेब."

"तेही तपासतो आम्ही. प्रत्येक नग झोपलाय की नाही, हे खोक्यात घालण्याआधी बघायचं. दोन महिने झाले, माझाच नियम आहे. या बघा सह्या."

बाई तडक पॅकिंगच्या टेबलाशी गेली. तिथल्या बाईला सगळे चिकटपट्टी म्हणत. धंद्यामुळेही आणि स्वभावामुळेही.

"कसं तपासतेस गं?"

"बटण दाबायचं. दिवा लागला नाही म्हणजे झोपलंय. आणि उगाच टिचकी नाही मारायची, दोन सेकंद नीट दाबायचं. साहेबांनी बजावलंय." तिने बटण दाबलं, दिवा नाही, यंत्र खोक्यात, वर पट्टी, कागदावर सही. "झोपलंय!"

बाईने ती पट्टी नखाने उचकटली. आत हिरवा दिवा मजेत लुकलुकत होता.

बटण दोन सेकंद दाबलं की चिप जागी होई. दिव्याला मात्र उजाडायला आणखी तीन सेकंद लागत आणि तोवर झाकण बंद झालेलं असे.

"अगं बये!" बाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

साहेबांना तिने हे सांगितलं, पण त्यांनी मान वर केली नाही. "म्हणजे तपासायचंच नाही? मग झोपलंय हे कळणार कसं?"

साहेब दुपारी जेवल्यावर वीस मिनिटं खुर्चीत डोळे मिटत. बूट टेबलाखाली, हात पोटावर. त्या दुपारी त्यांचा श्वास संथ झाला तेव्हा बाई आत गेली आणि तिने त्यांचा खांदा दाबला. टिचकी नाही, नीट दोन सेकंद.

"साहेब, झोपलात का?"

"अं? हो... काय?"

"काही नाही. झोपा." आणि तिने बरोबर आणलेल्या वहीत लिहिलं : झोपलेले. खाली सही.

पाच मिनिटांनी परत. "साहेब, झोपलात का?"

दारात चिकटपट्टी ओठ चावून उभी. तिसऱ्या खेपेला साहेब नुसते गुरगुरले. चौथ्या खेपेला ताडकन उभे राहिले.

"बाई! झोपलो होतो ना मी!"

"होतात ना! हे बघा, चारही वेळा लिहिलंय. सह्या आहेत."

साहेबांनी वही पाहिली. मग दारातल्या चिकटपट्टीच्या हातातलं यंत्र पाहिलं. एकाएकी त्यांचे कान लाल झाले आणि ते तसेच मोज्यांवर पॅकिंगच्या टेबलाकडे धावले.

सोमवारी मशीन आलं नाही. तपासणी बाईच्या मीटरवरच संपू लागली आणि पुढे कुणी झोपलेल्याला हात लावला नाही. दीड वर्षाने बाई निवृत्त झाली, तेव्हा साहेबांनी तिला ती वही परत दिली. चार सह्यांच्या खाली त्यांनी पाचवी केली होती.

पुढची सहा वर्षं ती घरी राहिली. गळ्यात आपलंच एक यंत्र घाली, पण ते कधी दाबायची वेळ आली नाही. एका दुपारी ती नेहमीसारखी आडवी झाली आणि उठलीच नाही. सून दर घटकेला दारातून डोकावे, म्हणून पांघरूण ओढता ओढता तिने तिला दटावलं होतं, "चहा झाला की उठव. मधेच झोपलेय का बघायला येऊ नकोस."