टाचणीही न घेता नैरोबीला

कोल्हापूर स्टेशनवर आम्हाला पोचवायला अर्धी गल्ली आली होती आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पुडकं होतं. कुणाचा मेहुणा मोंबासाला, कुणाचा भाचा कंपालाला. आफ्रिका म्हणजे गडहिंग्लजच्या पलीकडचं एखादं गाव आणि आम्ही तिथले पोस्टमन, असाच सगळ्यांचा समज दिसला. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. आफ्रिकेचा नकाशा फळ्यावर डोळे मिटून काढीन. पण खरं सांगायचं तर तोवर मी स्वतः मुंबईच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं.

गाडी हलायच्या आधी सासूबाई खिडकीशी आल्या.

"ध्यानात हाय न्हवं? लेकरू पदरात पडूस्तवर त्याच्या नावानं एक टाचणीबी घ्यायची न्हाई. सांगून ठेवतो बघ."

"ध्यानात आहे," मी म्हटलं.

लेकरू म्हणजे शुभा, वय वर्षे तीन. तिची आई ही यांची आतेबहीण, लग्न होऊन नैरोबीला गेलेली. नवराबायको दोघंही मोटार अपघातात गेली तेव्हा शुभाला जेमतेम दुसरं वर्ष लागलं होतं. काका-काकूंनी तिला सांभाळलं. पण ही साठीच्या दशकाची अखेर. केनियातले पुष्कळ हिंदी लोक इंग्लंडची वाट धरत होते, आणि काकांनीही आपल्या तीन मुलांना घेऊन निघायचं ठरवलं होतं. चौथीचं काय करावं, असं त्यांचं पत्र आलं. हे साखर कारखान्यात फिटर. पत्र वाचून चहा तसाच टाकून सायकलवरून थेट माझ्या शाळेत आले आणि व्हरांड्यात उभे राहून म्हणाले, "आपण आणूया की तिला." तास चालू होता, मुली बघत होत्या, तरी मी रडले.

आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. तीनदा दिवस राहिले आणि तीनदा हाती काही लागलं नाही. पहिल्या खेपेला मी हौसेनं लोकरीची टोपी विणली होती, चार झबली शिवली होती. सासूबाईंनी ती पुढे कुठे नेऊन दिली, मी कधी विचारलं नाही. त्यामुळे टाचणीची गोष्ट कुणाला खुळचट वाटली तरी मला वाटत नव्हती. आमच्या विज्ञानाच्या बाईंच्या बाजूनं मी या विषयावर कुणाशीही तावातावानं भांडले असते. पण टाचणी घेतली नसती.

बोटीवर पहिले तीन दिवस मी फक्त छत पाहिलं. हे मूळचे शिरोळचे, कृष्णेच्या पुरात म्हशीची शेपटी धरून पोहलेले. त्यांना समुद्राचं काय कौतुक! सकाळ-संध्याकाळ डेकवर फेऱ्या मारून ते मला बातम्या आणून देत. चौथ्या दिवशी त्यांनी भाकरीचा तुकडा आणि कांदा आणला. तो पोटात राहिला आणि मी माणसात आले.

नवव्या दिवशी मोंबासा दिसलं. पाणी हिरवंगार, किनाऱ्यावर माडांची रांग, आणि मध्येच पोट सुटलेल्या माणसासारखी जाडजूड गोरखचिंचेची झाडं. जुन्या बंदरात अरबांची शिडाची गलबतं नांगरलेली. जकातीच्या अधिकाऱ्यानं आमची ट्रंक उघडायला लावली आणि नेमका कांदा-लसूण मसाल्याचा डबा हातात घेतला. मी इंग्रजीत सांगितलं, चटणी आहे. त्यानं बोट बुडवून चाटलं. त्याचे डोळे भरून आले. शांतपणे शेजारच्या टेबलावरच्या मित्राला हाक मारली आणि त्यालाही चाखायला लावलं. मग दोघं खांद्याला खांदा लावून जे हसले ते आमच्या पुडक्यांकडे न बघताच "करीबू" (या, स्वागत) म्हणाले.

"मानूस चांगला हाय," हे म्हणाले. "आपल्यातलाच."

नैरोबीची गाडी संध्याकाळी सुटते. सकाळी जाग आली तेव्हा खिडकीबाहेर सपाट पिवळं गवत होतं आणि त्यात झेब्रे चरत होते. "उंच गवत, विरळ झाडी, तृणभक्षक प्राणी," हे वाक्य मी अकरा वर्षं मुलींना लिहून देत आले. त्यात हा उजेड नव्हता. एक जिराफ रुळांपासून हाकेच्या अंतरावर उभा राहून गाडी मोजत असल्यासारखा बघत होता. यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "आगं, ही तर चरायला सोडल्यागत हाईत! राखायला कोन न्हाई व्हय?"

स्टेशनवर शुभाचे काका, वसंतराव, मोटार घेऊन आले होते. घरी त्यांच्या पत्नी कुमुदवहिनी दारात उभ्या. आणि त्यांच्या मागे वांजिरू, त्यांच्याकडची आया. तिच्या पाठीवर रंगीत कापडात बांधलेली, दोन मोठ्ठे डोळे आणि विस्कटलेले केस एवढंच दिसणारी शुभा. बोलायची ती वांजिरूच्या स्वाहिलीत. मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून काढायची नाही. मी हात पुढे केले. तिनं वांजिरूच्या पाठीत तोंड खुपसलं. हे मोठ्यांदा "ये की गं माझ्या राणी!" म्हणाले, तशी तिनं भोकाड पसरलं. कारखान्यात यंत्रांवरून ओरडायची सवय. यांचा लाडाचा आवाजही भोंग्यासारखा. त्या दिवसापासून ते तिच्यासमोर कुजबुजत बोलायला लागले.

तिसऱ्या दिवशी बालकल्याण खात्याच्या बाई आल्या. उंच, सावळ्या, टापटीप गणवेशात, हातात वही. त्यांच्या अहवालाशिवाय कोर्ट परवानगी देणार नव्हतं आणि परवानगीशिवाय शुभा बोटीत पाऊल ठेवू शकत नव्हती. काकांची निघायची तारीख ठरलेली. बाईंनी इंग्रजीत चौकशी केली: घर किती मोठं, घरी कोण, शाळा किती लांब. मी भराभर उत्तरं दिली, मनातल्या मनात स्वतःला शंभरपैकी नव्वद गुणही दिले. मग त्या म्हणाल्या, "मुलीसाठी काय आणलंत, ते पाहू."

ट्रंक उघडीच होती. वसंतरावांना कोल्हापुरी चपला, वहिनींना इरकली लुगडं, त्यांच्या तिन्ही मुलांना खेळणी, वांजिरूला पितळी डबी, शिवाय पापड, मेतकूट आणि गल्लीतली पुडकी. शुभासाठी काहीही नव्हतं.

"काहीच नाही?" बाईंनी विचारलं. "एक फ्रॉकसुद्धा?"

मला इंग्रजी येतं ते पुस्तकातलं. रिकामा पाळणा, सासूबाई, टोपी, हे सगळं त्या भाषेत कसं सांगायचं? मी नुसतीच मान हलवली. बाईंनी वहीत बराच वेळ लिहिलं. आठ दिवसांनी पुन्हा येईन, म्हणाल्या. त्या गेल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "त्यांना वाटलं असणार, नात्याच्या भिडेनं आलात. मनापासून नाही."

आठ दिवस घरात बसून करायचं काय, म्हणून वसंतरावांनी आम्हाला नैरोबी दाखवायला काढलं. जांभळ्या फुलांनी झाकलेले रस्ते पाहिले. बाजारात कणसं, अननस आणि मोगो (कसाव्याचा कंद, तळून वर तिखट-लिंबू) खाल्लं. वांजिरूनं उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) करून घातली. हे दोनदा मागून घेऊन जेवले आणि वर मसाला भुरभुरून तिलाही वाढला. अभयारण्यात सिंहीण मोटारीच्या सावलीत येऊन बसली आणि अर्धा तास हलली नाही. आत आम्ही मोठी माणसं श्वास रोखून. शुभा मात्र काचेला नाक लावून "पाका, पाका" (मांजर) म्हणत होती. रस्त्याकडेला ऊस विकायला होता. यांनी एक कांडं दातांनी सोललं, चघळलं आणि कुजबुजत निकाल दिला, "ऊस न्हवं, बांबू हाय."

एवढं सगळं पाहत होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता. वहिनी रोज एखाद्या दुकानापुढे मोटार थांबवायला लावत. "एक बाहुली तर घ्या. बाईंना दाखवायला तरी." मी उतरत असे, काचेतले फ्रॉक बघत असे आणि परत येऊन बसत असे. हे एकदाच म्हणाले, "मी घेऊ का? माझ्या हातनं?" मी त्यांचा हात धरून ठेवला. आईचा शब्द मोडायला तेही तयार झाले होते, आणि मला ते सहन होईना.

सातव्या दिवशी आम्ही खचदरी बघायला गेलो. जमिनीला दोन समांतर भेगा पडून मधला भाग खाली बसला की खचदरी होते. हे मी फळ्यावर कितीदा काढलंय! आणि इथे मी त्या आकृतीच्या काठावर उभी होते. खाली निळसर धुक्यात मैलोन् मैल पसरलेली जमीन, मधोमध एक विझलेला ज्वालामुखी. पण तिथला वारा फार बोचरा. शुभाचा स्वेटर घरी राहिला होता. वांजिरूच्या पाठीवर ती कुडकुडत होती, ओठ काळेनिळे पडलेले. काठावर दोन म्हाताऱ्या मेंढीच्या कातड्याच्या टोप्या विकत बसल्या होत्या. मी गेले, त्यातली सगळ्यात लहान टोपी उचलली आणि शुभाच्या कानांवरून खाली ओढली. तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. मग हात पुढे केले आणि माझ्याकडे आली.

तिला पदरात गुंडाळून उभी होते, तेव्हा हे माझ्या तोंडाकडे बघत होते. मग माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते.

परतीच्या वाटेवर शुभा दोनदा शिंकली. टोपी काढून फेकून द्यावी असं वाटलं. मग डोकं गार पडेल म्हणून काढवेना. देवीचं नाव घेत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहते तर पोरगी टोपी घालूनच केळं खात बसली होती, नाकाला केळं, टोपीला केळं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि यांच्यापेक्षाही मोठ्यांदा हसले.

खात्याच्या बाई आल्या तेव्हा टोपी डोक्यावरच होती. या वेळी मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. तीन वेळचं. विणलेल्या टोपीचं. आमच्याकडे बाळ हाती येईपर्यंत काही घेत नाहीत, हेही.

"मग ही टोपी?" बाईंनी विचारलं.

"तिला थंडी वाजत होती," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, वही मिटली आणि चहा मागितला. अहवालात काय लिहिलं ते मला आजही ठाऊक नाही. त्याच आठवड्यात परवानगी हातात आली.

दत्तक म्हणजे देणाऱ्यानं मूल प्रत्यक्ष उचलून घेणाऱ्याच्या मांडीवर ठेवायचं. वसंतरावांनी शुभाला आमच्या मांडीवर दिलं, गुरुजींनी अक्षता टाकल्या. पण वांजिरू दाराशी उभी राहून रडत होती, आणि शुभा तिच्याकडे झेपावत होती. मी गुरुजींना थांबवलं. वांजिरूला म्हटलं, "तूही दे." वहिनी दचकल्या, गुरुजी घुटमळले. पण दोन वर्षं तिच्याच पाठीवर वाढलेलं मूल. तिनं दिल्याशिवाय घ्यायचा मला धीर नव्हता. तिनं शुभाला उचललं, कानात काहीतरी बराच वेळ सांगितलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मग मला पाठीवर बांधायचं कापड कसं बांधतात ते दाखवलं. माझ्या हातून तीनदा सुटलं. चौथ्यांदा बसलं.

परत आलो तेव्हा सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकराच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि घरात घेतलं. गल्लीला वाटलं, गोष्ट संपली. ती संपली नव्हती. रोज दिवेलागणीला शुभा दारात जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "ट्वेंडे न्युम्बानी." सासूबाईंनी मला अर्थ विचारला. मी सांगितला: चला, घरी जाऊ. तेव्हापासून त्या तिला कडेवर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत न्यायच्या आणि परत आणायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला रात्री झोप लागत नसे. कागदावर ती आमची होती. पण आम्ही तिचे नव्हतो, आणि त्याला कुठलंही कोर्ट परवानगी देत नाही.

शाळेत मुली विचारायच्या, आफ्रिका कशी आहे हो बाई? मी सिंहिणीचं सांगे, खचदरीचं सांगे. दोन महिने असेच गेले. एवढं मात्र पटलं होतं, की आपण कितीही लांब जाऊन मूल आणलं तरी पुढचा प्रवास त्याला एकट्यालाच करावा लागतो. आपण फक्त वाट बघायची.

एका रविवारी आम्ही तिघं रंकाळ्यावर गेलो. शुभानं भडंग खाल्लं, अर्धं माशांना घातलं, काठाकाठानं पळून पळून दमली. ऊन उतरायला लागलं तशी माझ्यापाशी आली, हात वर केले आणि म्हणाली, "ट्वेंडे न्युम्बानी."

हे खाली बसले आणि हळूच म्हणाले, "कुठं गं बाई, तुझं घर?"

आईबापांना एवढंही ठाऊक नसावं, याचा तिला राग आलेला दिसला. तिनं आमच्या गल्लीच्या दिशेनं बोट केलं.

"तितं! आजी हाय तितं."

मी तिला उचलून घेतलं आणि आम्ही घरी गेलो.