पहिल्या दिवसाचा चीक

मला कुणी गप्प बस म्हटलं की माझं तोंड आणखी सुटतं. पन्नासच्या दशकात लग्न होऊन खडकीहून चऱ्होलीला आले, तेव्हा हा स्वभावही बरोबर आला. इंटर सायन्स अर्धवट सोडावं लागलं होतं, त्याचा राग होताच. त्याहून मोठा राग याचा, की मला जे कळलं होतं ते ऐकायला इथे कुणाला फुरसत नव्हती.

कळलं होतं ते कात्र्यांचं. कॉलेजात मास्तरांनी उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा तुकडा काचेच्या नळीत जठररसात बुडवून कोमट पाण्यात ठेवला होता. दुपार सरली तोवर त्याच्या कडा झिजून तो पार केविलवाणा झाला. कुणी ढवळलं नव्हतं, शिजवलं नव्हतं. रसातलं एक प्रथिन अंड्यातल्या प्रथिनाच्या साखळ्या कापत बसलं होतं! मी विचारलं, मग ही कात्री आपलंच पोट का कापत नाही? मास्तर म्हणाले, शरीर ती मिटलेली बनवतं, आणि जिथे काम असेल तिथेच उघडतं. त्या दिवशी मी घरी अक्षरशः पळत आले. आपल्या आत असल्या धारदार वस्तू घडी करून ठेवल्या आहेत, या विचारानं मला जेवण सुचेना.

नवरा पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात लागला होता. सायकलवरून जायचा, आणि तिथल्या वाचनालयातली इंग्रजी मासिकं माझ्यासाठी आणायचा. त्यातल्या एकात नुकत्याच जन्मलेल्या वासरांवर लेख होता. मी तो शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला आणि उडालेच. पहिल्या दिवशी वासराच्या पोटातल्या कात्र्या जवळजवळ मिटलेल्याच असतात, आणि आईच्या पहिल्या घट्ट दुधात, चिकात, त्यांना आवरून धरणारं काहीतरी असतं. म्हणून आईच्या चिकातली रोगाशी लढणारी प्रथिनं न कापता, सगळीच्या सगळी रक्तात जातात. एखादा दिवस उलटला की आतड्यातून रक्तात जायचं ते दार बंद. मग कितीही पाजा.

आमच्या गोठ्यात तेव्हा एक म्हैस गाभण होती. सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, तिला रेडकू असल्यापासून हातानं वाढवलेलं. तिची आधीची दोन्ही रेडकं जन्मल्यावर थोड्याच दिवसांत हगवणीनं गेली होती. रेडकू गेलं की ती पान्हा सोडायची नाही. मेलेल्या रेडकाचं भुसा भरलेलं कातडं पुढ्यात ठेवून पाहिलं, तर तिनं हुंगून तोंड फिरवलं. सासऱ्यांनी, मामंजींनी, जाहीर करून टाकलं होतं, या खेपेला रेडकू गेलं तर म्हैस चाकणच्या बाजारात न्यायची. ते ऐकल्यापासून आत्याबाई म्हशीपाशी जरा जास्तच वेळ बसायच्या.

म्हैस सकाळी व्याली. रेडी झाली, काळीभोर, पाय लटपटणारी. आत्याबाईंनी तिला पुसलं आणि लांब खुंट्याला बांधलं. वार, म्हणजे पोटातली गर्भाची पिशवी, पडेपर्यंत रेडकाला सडाला लावायचं नाही, ही गावची रीत. लावलं तर वार आतच अडकते आणि म्हैस दगावते, असं सगळे मानत. वार पडायला कधी कधी संध्याकाळ व्हायची.

मला कुठला दम निघतोय!

"आत्याबाई, सोडा तिला. आत्ताच पाजा."

"गप बस. वार पडू दे."

झालं. म्हणाल्या गप बस! मी पदर खोचला आणि सुरू झाले. "मटणात कच्च्या पपईचा तुकडा घातला की मटण कसं गळतं? तसलंच काहीतरी पोटात असतं, आलेलं सगळं कापून काढतं. हिच्या पोटातलं अजून जागं झालेलं नाही. आज पोटात जाईल ते अख्खं अंगी लागेल. उद्या त्याचे तुकडे होतील."

आत्याबाईंनी रेडीच्या पाठीवरून हात फिरवला. मग विचारलं, "तुज्या पुस्तकात वारीचं काय लिवलंय?"

मी खोटं बोलू शकले असते. "काही नाही लिहिलेलं," म्हटलं.

"आन् म्हस ग्येली मंजी?"

रेडी हंबरली, म्हशीनं दावं ताणलं. आत्याबाई तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "दोन्ही येळंला समदं रीतीनंच क्येलं व्हतं." आणि उठून त्यांनीच रेडीचं दावं सोडलं, तिचं तोंड म्हशीच्या सडाला लावलं. ती लुचू लागली तसा माझ्या अंगावर काटा आला. मला त्या चिकाचा घोट न् घोट तिच्या आतड्यातून अख्खा पार होताना दिसत होता!

वार दुपारीच पडली. शेजारच्या बाया खरवसासाठी चीक मागायला आल्या, तर आत्याबाईंनी दारातूनच सांगितलं, "अवंदा चीक रेडीचा."

पुढचे दिवस मी कात्र्यांशिवाय दुसरं बोलतच नव्हते. नवरा जेवताना हात जोडायचा. कारखान्याच्या टाकीत औषधासाठी वाढवलेल्या बुरशीपाशी कात्र्या, पपईच्या चिकात कात्र्या, रेडीच्या पोटात कात्र्या! पुढे खूप वर्षांनी वाचलं, की कित्येक जिवाणूंच्या आणि आपल्या कात्र्यांची घडण इतकी सारखी आहे, की त्या एकाच घराण्यातल्या असाव्यात. म्हणजे कात्र्या आधीच्या, जनावरं, माणसं फार नंतर आली. आणि ज्याच्याकडे धार आहे त्याला ती मिटून ठेवायलाही शिकावं लागलं. ते वाचतानाही मी आधी रेडीला आठवलं.

रेडीला हगवण लागलीच नाही. अंगणभर उधळायला लागली तेव्हा मामंजी चाकणचं नाव न काढता शेतावर निघून गेले. मी तर टाळ्याच पिटल्या.

आत्याबाई धार काढत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "बाईच्या चिकाचंबी आसंच आसतंय व्हय?"

"बाईचं पोट जरा वेगळं, पण चीक लेकरासाठीच! तोही लेकराला जपतोच," मी उड्या मारत म्हणाले.

धारेचा आवाज थांबला. माझ्या नवऱ्याआधी त्यांना दोन मुली झाल्या होत्या, हे मला ऐकून माहीत होतं. दोघीही बाळंतिणीच्या खोलीतच गेल्या होत्या.

"आमी पिळून टाकला," त्या म्हणाल्या. "तीन दिस मदाचं बोट चाटवलं. सासू म्हनली, पिवळं दूद नासकं आसतंय."

मला रडू फुटलं. मी जवळ गेले तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि पुन्हा धार काढायला घेतली.

"तुला लेकरू व्हईल तवा म्हायेरी धाडनार न्हाई," त्या म्हणाल्या. "हितंच बाळंत व्हायचं. म्या दारात बसनार हाय. चीक कोन टाक म्हनतंय त्ये बगते."