तांडेलांचा उलटा हात

आमच्या तांडेलांनी जगातल्या कुठल्याही गोष्टीवर पहिल्या भेटीत विश्वास ठेवल्याचं कुणी पाहिलेलं नाही. फायर ब्रिगेडच्या गाडीवर जी माणसं जातात, त्यांच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात. मी इंग्रजी माध्यमातली. मला ते आडनाव वाटलं. पहिल्या दिवशी मी त्यांना ‘मिस्टर तांडेल’ म्हणाले, तेव्हा त्यांनी माझं ओळखपत्र दोन्ही बाजूंनी वाचून काढलं. दर गुरुवारी मी वसईतल्या त्यांच्या केंद्रावर जाते. जवानांचं ब्लड प्रेशर बघायचं, झोपेबद्दल आणि मनाबद्दल विचारायचं आणि मुख्य म्हणजे ऐकायचं, हे माझं काम. मला स्वतःला अनोळखी माणसांशी बोलायचा धसका आहे, हे नेमणाऱ्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तांडेलांना मात्र लगेच कळलं. यंत्राकडे बघून ते म्हणाले, “आधी तुमचं दाखवा, मॅडम.” माझा आकडा इतका वर गेला की तांडेल माझ्यासाठी पाणी मागवून, स्वतःचा दंड झाकून निघून गेले.

बंद दार ते कधीच सरळ उघडत नाहीत. आधी पंजाची मागची बाजू दाराला टेकवायची. पलीकडे आग असेल तर दार तापलेलं लागतं. कामावरचा हा नियम ते केंद्रातल्या न्हाणीघराच्या दारालाही लावतात आणि एकदा तर मी त्यांना फ्रिजला लावताना पाहिलं. माणिकपूरच्या एका हॉलमध्ये सख्ख्या भाचीचं लग्न होतं. तांडेलांनी अक्षता हातात घेऊन बाहेर पडायचे दरवाजे मोजले, एकाला कुलूप दिसलं, तेव्हा चावी सापडेपर्यंत त्यांनी भटजींना थांबवून ठेवलं. भाची अजून त्यांच्याशी बोलत नाही. “जिती आहे ना,” तांडेल म्हणतात. त्यांचं गाव मिठागराकडचं, तिथे पाण्याला ‘पानी’ म्हणतात. आणि त्या पानीवरही त्यांचा पूर्ण विश्वास नाही, कारण टँकर भरलेला आहे हे कुणीतरी दुसऱ्याने सांगितलेलं असतं. विश्वास फक्त त्या उलट्या हातावर.

माझ्या फॉर्मवर तर त्यांचा खासच राग. ‘झोप कशी लागते?’ या प्रश्नाला अकराच्या अकरा जवानांनी ‘चांगली’ असं एकाच वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं. त्यातला एक रजेवर होता. विचारलं तर तांडेल म्हणाले, “हा कागद जातो कुठं? मागं एकाने खरं सांगितलं, तर गाडीवरनं उतरवून टेबलावर बसवला. आता टाचण्या मोजतो.” कागद माझ्याजवळच राहतो, हे मी सांगितलं. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं.

मग गोखिवऱ्यात एका गाळ्याला आग लागली. पुढच्या गुरुवारी गेले तर माझ्या खोलीत कुणी फिरकेना. सगळे मागच्या अंगणात होज, म्हणजे पाणी मारायचे लांब पाइप, धुऊन वाळत घालत होते. मीही जाऊन एक टोक धरलं. बाकीचे पुढे गेले, तेव्हा दुसऱ्या टोकाकडून तांडेलांनी विचारलं, पेन कुठंय. आत ठेवलंय, म्हटलं. त्यांनी माझे दोन्ही हात रिकामे असल्याची खात्री करून घेतली.

“त्या दिवशी दार गार लागलं,” ते म्हणाले. “मी म्हटलं, उघडा. उघडलं आनि जाळ बाहेर आला.”

सोबतच्या जवानाची मान भाजली होती. थोडक्यात निभावलं, तो पुढच्या आठवड्यात कामावरही येणार होता. पण तांडेल तेव्हापासून घरातलं प्रत्येक दार पुन्हा पुन्हा चाचपत होते आणि त्यांना गार की गरम तेच कळत नव्हतं. ते आपला तो हात माझ्यापुढे धरून उभे राहिले, जसा एखादा संशयित माणूस पकडून आणावा. “हे लिहिलंत तर गाडी गेली. न लिहून पुढच्या येळी कोन मेला तर?”

मी लिहिणार नाही, तुम्हीच ठरवा, एवढंच म्हणाले. आणि डॉक्टरकडे यायचं असेल तर मी सोबत येईन, असंही. तांडेल होज वाळत घालून झाल्यावर आत आले, आपला फॉर्म मागून घेतला, ‘चांगली’वर काट मारली आणि ‘लागत नाही’ लिहिलं. मग त्याचा मोबाइलवर फोटो काढला. “तुम्ही बदललंत तर माझ्याकडं असावा, बाय.” मॅडमची मी त्यांच्या घरच्या मुलीसारखी ‘बाय’ कधी झाले, ते मलाही कळलं नाही.

सध्या ते महिनाभर गाडीवर नाहीत. डॉक्टरांनीच सुचवलं; गाडीवर परत घेणार असल्याचं केंद्राच्या साहेबांकडून तांडेलांनी लेखी घेतलंय. गुरुवारी मात्र माझ्याकडे येतात. त्यांच्या हाताची परीक्षा नको, म्हणून मी एकदा दार उघडंच ठेवलं, तर उघड्या दाराने आगीला हवा मिळते, असं सुनावून त्यांनी ते बाहेरून ओढून घेतलं. पूर्वी त्यांचा हात दारावर क्षणभर टेकायचा. आता तो टेकल्याचं ऐकू येतं, पण दार बराच वेळ उघडत नाही. दाराखालच्या फटीत त्यांच्या बुटांची सावली तेवढी दिसते. मी आतून ‘या’ म्हणत नाही. त्यांचं त्यांना ठरवू देते.