डावीकडची खुर्ची

"सातचा बांबू टाक, असं सांगितलं होतं की नव्हतं?" नवऱ्याने टेबलावर थाप मारली तशी माहजाँगच्या सोंगट्यांची अर्धी भिंत कोसळली. "मग नऊचा का टाकलास?"

"टाकावासा वाटला."

"वाटला म्हणे! अगं, हा चिनी खेळ आहे, इथे डोकं लागतं."

वन्सं फिसकन हसल्या. भाऊ बोलला की हसायचं, एवढं एक काम त्या आयुष्यभर चोख करत आल्या होत्या.

तिने तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. काजं करून करून अंगठा असा तयार झाला होता की सोंगटी पालथी असतानाच खालची नक्षी तिला कळायची. नवरा शाळा तपासनीस. निवृत्त झाल्यावर शेरे मारायला मास्तर उरले नाहीत, तेव्हा ते घरात मारू लागला. भावंडांच्या बुधवारच्या डावातला चौथा गडी गाव सोडून गेला, म्हणून त्याने बायकोला शिकवायला घेतलं. शिकवणं ते काय, तर तिने आपल्या तेरा सोंगट्या त्याला दिसतील अशा मांडायच्या, चौदावी उचलायची आणि तो म्हणेल ती टाकायची. बसायचं त्याच्या डावीकडे. "नजरेखाली असलेली बरी."

सहा महिन्यांत ती एकही डाव जिंकली नाही. तो मात्र जिंकत सुटला होता. "उपजत लागतं ते," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि तिलाही ते खरं वाटू लागलं होतं.

गेल्या बुधवारी दीर सहज बोलून गेला, "वहिनी, ओळीने तीन आकडे लावायचे ना, तर डावीकडच्याने टाकलेलीच सोंगटी उचलता येते. दादाने सांगितलं नाही?"

दादाने सांगितलं नव्हतं. आज तिने सोंगट्या स्वतःकडे वळवून घेतल्या होत्या, फक्त उचललेला सात तेवढा त्याने मान लांब करून पाहिला होता.

"सहा आणि आठ धरून बसलोय मी मघापासून!" तो ओरडला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

दिराने डोळे मोठे केले. "दादा, म्हणजे तू वहिनींकडून स्वतःसाठी टाकून घेत होतास?"

"शिकवण्याची एक पद्धत असते. तुला नाही कळायचं."

तिने आपली रांग उताणी केली. तीन सात शेजारी शेजारी होते.

"जुळलेले तीन मोडायला सांगत होता तुम्ही."

"अगं, पण..."

"वन्सं, पुढच्या बुधवारपासून तुम्ही इथे बसा," ती उठत म्हणाली. "मी यांच्या उजवीकडे बसणार. हे टाकतील ते उचलणार. माझ्या सोंगट्या कुणी बघायच्या नाहीत."