देमेसिन आणि चाकाचा घेर

डोंगरपायथ्याच्या आमच्या तालगार गावात न भिणारी माणसं पोत्याने मिळतील. त्या सगळ्यांच्या वाटणीची भीती एकट्याने वाहणारा माणूस मात्र एकच, सायकल शर्यती शिकवणाऱ्या शाळेचा मेकॅनिक देमेसिन. डोंगरावर ढग आला की याला दरड दिसायची. ट्रकचा हॉर्न वाजला की हा आधी शाळेच्या पोरी मोजायचा. त्याची लेक मोल्दिर पहिली पावलं टाकू लागली तेव्हा रीतीप्रमाणे तिच्या पायांत बांधलेला दोर गल्लीतल्या सगळ्यात चपळ माणसाने कापायचा होता, कारण कापणाऱ्यासारखं मूल धावतं असं आमच्याकडे मानतात. देमेसिनने शेजारच्या, गुडघ्यांनी बेजार झालेल्या आजीबाईंना बोलावलं. त्याची बायको कुलाश हा किस्सा अजून प्रत्येक पाहुण्याला ऐकवते.

उपयोग काही झाला नाही. मोल्दिर सोळाव्या वर्षी शाळेच्या संघात होती.

हात मात्र त्याचे धीट. रोज सकाळी शेडमध्ये कुणाचं ना कुणाचं हँडलवरचं मीटर रुसलेलं असायचं. कुणाचा वेग शून्य, तर कुणाचा केडन्स, म्हणजे मिनिटाला पायांचे फेरे, बसल्या जागी दोनशे. देमेसिन मीटरला हातच लावायचा नाही. आधी चाक फिरवून झोपलेला बिनतारी सेन्सर जागा करायचा. मग स्पोकवरचं चुंबक सरकलंय का बघायचा, आणि चुंबक नि सेन्सर यांच्यामध्ये काडेपेटीतली काडी जेमतेम जाईल एवढीच फट ठेवायचा. तरी भागलं नाही तर बटणाएवढा सेल काढून सदऱ्याला पुसून परत बसवायचा. आणि दोनशेवाली पोर आली की तिच्या शेजारणीला म्हणायचा, "तू जरा लांब उभी राहा गं, तुझे पाय हिच्या मीटरवर चाललेत."

पोरी हसायच्या. तोही हसायचा. पण कोकबास्ताऊ घाटाचं नाव निघालं की त्याचं हसू तिथल्या तिथे वाळायचं.

त्या घाटात, उतारावरच्या तिसऱ्या वळणावर, काही वर्षांपूर्वी शाळेचा राखात नावाचा मुलगा रस्त्याबाहेर गेला होता. तो वाचला. आता बाजारात काठी टेकत फिरतो आणि देमेसिन दिसला की हात वर करून सलाम करतो. त्या सलामाला चुकवण्यासाठी देमेसिन चार गल्ल्यांचा वळसा घेतो. राखातच्या सायकलचं चाक त्याने बांधलं होतं. चाकात दोष नव्हता, असं सगळ्यांनी सांगितलं, खुद्द राखातनेही. देमेसिनने ते कानाने ऐकलं, पोटात काही उतरलं नाही.

म्हणून मोल्दिर पहिल्यांदा त्या घाटात जायला निघाली तेव्हा त्याने जेवणाच्या पाटावर नान ठेवली आणि तिला त्यावर हात ठेवायला लावला. मीटरवर ताशी सत्तर दिसले की ब्रेक धरायचा, मग पुढे कुणी का जाईना. तिने हात ठेवला. आमच्याकडे नानची शपथ मोडणाऱ्याला नानच मारते, आणि मोल्दिर हे मानण्यात आपल्या आजीवर गेलेली.

एखादा बाप एवढ्यावर निवांत झोपला असता. देमेसिनने विचार केला, सत्तर तरी कशाला?

सेन्सर बिचारा फक्त फेरे मोजतो. एका फेऱ्यात चाक किती रस्ता खातं, तो घेर मीटरला माणसाने सांगायचा असतो. माणूस खोटं बोलला तर मीटरही खोटं बोलतं, आणि तेही मोठ्या इमानदारीने. देमेसिनने लेकीच्या मीटरमध्ये घेर वाढवून भरला. खरे बासष्ट झाले की तिला सत्तर दिसायचे आणि ती ब्रेक धरायची. तिचे किलोमीटर इतर पोरींपेक्षा जास्त भरतात हे तिच्या ध्यानात आलं होतं. बाप म्हणाला, तू वळणं रुंद घेतेस. त्यांची प्रशिक्षक स्तेपानोव्ना वेळ आणि केडन्सवरच शिकवायची, किलोमीटर ट्रकवाल्यांनी मोजावेत म्हणायची. त्यामुळे बिंग फुटलं नाही.

वसंतातल्या शर्यतीच्या दिवशी देमेसिन पहाटेच पाण्याच्या बाटल्या घेऊन घाटाच्या माथ्यावर जाऊन बसला. वारा एवढा की चहाच्या पेल्यावर तळहात धरून प्यावं लागत होतं. पोरी खाली वळणांवर मुंग्यांएवढ्या दिसायला लागल्या, तेव्हा त्यांच्या पुढे चालणारी स्तेपानोव्नाची गाडी वर येऊन थांबली. बाई खुशीत होत्या. उतरता उतरता सांगू लागल्या, की निघायच्या वेळी मोल्दिरचा वेगाचा सेन्सर मेला. चाक फिरवून झालं, सेल पुसून झाला, हूं नाही की चूं नाही. मग त्यांनी राखीव सायकलचा सेन्सर काढून बसवला आणि मीटरशी जोडला.

"आणि देमेके," देमेसिनला त्या लाडाने असंच म्हणत, "घेर काय भरून ठेवला होतास रे? ट्रॅक्टरचा? मी मीटरकडूनच उपग्रहावरून नव्याने मोजून घेतला. म्हातारा झालास तू."

देमेसिनच्या हातातला पेला कलंडला, पण भाजलेलं त्याला कळलं नाही.

आज सत्तर म्हणजे खरे सत्तर. पोरगी आकड्यावर विश्वास ठेवून सायकल सोडणार, आणि ज्या वेगाने ती आयुष्यात कधी वळली नव्हती त्या वेगाने तिसऱ्या वळणाशी पोचणार. भीतीपोटी त्याने जे केलं होतं तेच तिला कड्याकडे नेत होतं. स्तेपानोव्नाला सांगावं असं त्याला वाटलं. पण सांगून तरी काय? शर्यत काही थांबत नाही.

पोरी माथ्यावर आल्या. मोल्दिर पाचवी होती, चेहरा लालबुंद, श्वास फुललेला. देमेसिन बाटली घेऊन तिच्या बाजूने धावू लागला. बोलायचं बरंच होतं, धावायला जागा वीसेक पावलांची. आकडाच दिसला नाही तर पोर बिचकून हळू उतरेल, एवढंच त्याला सुचलं. तिने बाटली धरली तेवढ्यात त्याने दुसऱ्या हाताने हँडलवरचं मीटर पिळून काढून घेतलं.

"कोके, वेडे झालात का?" बापाला कोके म्हणतात, वेडे एरवी म्हणत नाहीत.

ती गेली. मीटर त्याच्या मुठीत होतं आणि सेन्सर तिच्या चाकावर. काचेवर आकडा चढत गेला: बावीस, सव्वीस, एकतीस. मग ती आवाक्याबाहेर गेली आणि आकड्याच्या जागी नुसत्या दोन आडव्या रेघा उरल्या.

स्तेपानोव्नाच्या गाडीतून तो मागोमाग उतरला. बाई काहीतरी विचारत होत्या. तो खिडकीतून रस्ता वाचत होता, घासलेल्या टायरची खूण, वाकलेला कठडा, काहीही. तिसऱ्या वळणावर रस्त्याच्या मधोमध त्याने दिलेली बाटली पडली होती. त्याने गाडी थांबवायला लावली. कठड्यापर्यंत तो जवळजवळ रांगत गेला आणि त्याने खाली पाहिलं.

खाली नदी होती, दगड होते. ओल्या गवतात एक घोडी शिंगरासकट चरत होती, मान वर न करता. बाकी काही नव्हतं. बराच वेळ तो ते काही नसणं पाहत राहिला. स्तेपानोव्नाने दंडाला धरून आणलं तेव्हा गाडीत बसला.

मोल्दिर खाली शेवटच्या रेषेपाशी डांबरावर मांडी घालून वाळलेले जर्दाळू खात होती. घाट सगळ्यांत आधी उतरली होती. पुढच्या सपाटीवर चौघींनी तिला गाठलं, म्हणून नंबर पाचवाच.

"बाटली?" देमेसिनला एवढंच विचारता आलं.

"टाकली. तिथं दोन्ही हात लागत होते."

"आणि ब्रेक? नानवर हात ठेवला होतास ना गं?"

"आकडाच नव्हता, कोके. मग मी कशावर थांबू?"

देमेसिन तिच्याशेजारी खाली बसला. लेकीला बांधलेली एकमेव दोरी त्याने स्वतःच्या हाताने सोडली होती, हे त्याला तेव्हा कळलं. मग त्याने घेराची सगळी हकिगत सांगून टाकली, तिच्याकडे न बघता, डांबराकडे बघत.

ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती तोंडातला जर्दाळू चावायची थांबली. सत्तर हा तिचा आकडा होता. पोरींत तिने तो मिरवला होता, डायरीत नाही पण भिंतीवर खडूने लिहिला होता.

"म्हणजे मी कधीच सत्तरला गेले नव्हते?"

"आज गेली असशील," तो म्हणाला. "जास्तही असेल. देव जाणे."

मोल्दिर उठली, स्तेपानोव्नाच्या गाडीतून खडू आणि टेप घेऊन आली आणि दोन्ही त्याच्या मांडीवर टाकले. "स्तेपानोव्नाने भरलेला नको. तुम्ही मोजा. माझ्यासमोर. रविवारी मला परत वर जायचंय."

देमेसिनने टायरवर खूण केली, चाक एक फेरा ढकलत नेलं आणि डांबरावर दुसरी खूण केली. टेप लावली. आकडा खराच निघाला, स्तेपानोव्नाने भरलेलाच. टेप वाकडी लागली असेल, असं म्हणून त्याने पुन्हा मोजलं. मोल्दिर समोर मीटर घेऊन उभी होती. तो चौथ्यांदा टेप सरळ करायला लागला, तेव्हा तिने खाली वाकून त्याच्या हातातून टेप काढून घेतली.