वहिनी दाढी करायला शिकली तेव्हा

माझी वहिनी पडदे शिवते. घरांचेही शिवते, पण तिचं नाव झालं ते नाट्यगृहांच्या मखमली पडद्यांमुळे. बाई हट्टी इतकी की तिने एकदा मनावर घेतलं की समोरच्याने हात टेकायचे. मी नणंद आहे, हे सांगायचा मला हक्कच आहे.

दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, तोंड थोडं वाकडं झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हात परत चालायला हवा असेल तर व्यायाम आत्ताच सुरू झाला पाहिजे, आणि त्यासाठी रोज फिजिओथेरपी केंद्रात यावं लागेल. पण दादा घराबाहेर पडेना. सगळी नोकरी त्याने हॉटेलच्या स्वागतकक्षात काढलेली. गुळगुळीत दाढी केल्याशिवाय त्याने कधी दूधवाल्यालाही दार उघडलं नव्हतं. आता गालभर खुंट वाढले होते. सलूनवाल्याला घरी बोलवू म्हटलं तर त्याने पाण्याचा पेला भिरकावला. लाळ गळणारं तोंड त्याला परक्याला दाखवायचं नव्हतं.

"मग मी करते," वहिनी म्हणाली.

मी म्हटलं, "दाढीचं मशीन आण की एखादं."

"त्याने खुंट राहतात. यांना चालायचं नाही."

तिने दादाचा जुना स्टीलचा रेझर काढला, त्यात होतं तेच पातं ठेवलं आणि कामाला लागली. जाड कापड कापणारा हात तो. जोर लावल्याशिवाय काही कापलं जातं, यावर तिचा विश्वासच नव्हता. फेस वाळला तरी ती त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा रेझर फिरवत होती, तोही खालून वर. दुपारपर्यंत दादाची मान भाजल्यासारखी लाल झाली, बारीक पुटकुळ्या उठल्या. दादा भिंतीकडे तोंड करून पडला. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली, मग तोंड धुऊन चप्पल घालून कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेली. मी मागोमाग होतेच.

"ताई, इथे बायकांचे केस कापत नाही," सलूनवाला म्हणाला.

"मला कापायचे नाहीत. बघायचंय."

आणि ती खुशाल पुरुषांच्या बाकावर बसली. सलूनवाल्याने थोडा वेळ तिच्याकडे काणाडोळा केला. शेवटी त्यालाच राहवेना. "ताई, दाबू नका. रेझरला स्वतःचं वजन असतं, तेवढं पुरतं. तिरका धरायचा आणि हलकेच सोडायचा."

मग घरी सराव सुरू झाला, स्वतःच्या नडग्यांवर. "एवढ्या गुळगुळीत पायांनी कुठे निघालीस?" मी विचारलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दादाची मान बरी होईपर्यंत तिने रेझर त्याच्याजवळ नेला नाही. मग एका संध्याकाळी फेस लावायच्या आधी डोळे मिटून ती त्याच्या खुंटांवरून बोटं फिरवू लागली. मखमलीची लव कुठे झुकते हे ती असंच बघते. हनुवटीखाली बोट थांबलं.

"वन्सं, इथे केस आडवे आहेत! कानाकडे वळलेत. आणि मी बावळट वर ओढत होते!"

गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गालांवर, मग ब्रशने भरपूर फेस. रेझरमध्ये नवं पातं. सैल पडलेला गाल अंगठ्याने ताणून तिने केस जिकडे झुकलेत तिकडेच रेझरचे छोटे छोटे हात फिरवले. राहिलं तिथे आधी पुन्हा फेस. शेवटी गार पाणी. दादाने दाढीनंतर लावायच्या वासाच्या बाटलीकडे बोट दाखवलं, तर म्हणाली, "ती बाटली विसरा. आग होते."

सकाळी मान स्वच्छ होती, एक ठिपका नाही. खाली रिक्षा उभी होती. मी आरसा धरला. दादाने डाव्या हाताने गाल चाचपला.

"छान," तो म्हणाला. आणि मग, "नाही येत."

माझं डोकंच फिरलं. "अरे, आता आणखी काय हवंय तुला?"

शब्द जुळवायला त्याला खूप वेळ लागला. "बाहुली... केलीत... माझी."

वहिनीने रिक्षा परत पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळं सामान मांडलं, फेस लावला आणि रेझर त्याच्या डाव्या हातात दिला.

"घ्या. मी बसते इथे."

तिने केलेल्या सगळ्या चुका त्याने ओळीने केल्या. "दाबू नका," ती एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली, मग दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसली. हनुवटीला कापलं तेव्हा मला बघवेना. ती मात्र बघत राहिली. नाकाखाली थोडे खुंट राहिले, मान पुन्हा लालबुंद झाली. त्यावर गार टॉवेल ठेवताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"शर्ट," दादा म्हणाला. "पांढरा."

केंद्रातल्या बाई त्याला बघून दचकल्याच. "काका, तोंडाला काय झालं?"

"दाढी," दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी केली."

"बरं. मग उजवा हात द्या बघू."

दादाने डाव्या हाताने उजवा उचलला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.