जुन्या कॉम्प्युटरवरची एक सकाळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही धड कळत नाही.

राहात्याच्या आमच्या घरात दोन कॉम्प्युटर. एक माझा लॅपटॉप, दुसरा ओसरीतला जुना — आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. हात थरथरायला लागले तशी आबांनी पेरूच्या बागेची वही सोडली. रोज सकाळी ते त्या कॉम्प्युटरपुढे बसून माईकमध्ये बोलून रेकॉर्ड करायचे. कुठल्या ओळीला पाणी दिलं, पोपटांनी कुठं नासधूस केली. मध्येच चहाचा घोट. शेवटी न चुकता — "झालं आजचं." मी आत भाकरी थापत ऐकायची. किती गोड होत्या त्या सकाळी!

आबा गेल्यावर दिवाळीला धाकटा भाऊ विनू पुण्याहून आला. नोकरीसाठी त्याने बाग सोडली, तेव्हा आबा म्हणाले होते, पुन्हा तोंड दाखवू नको. त्यानेही हट्टाने दाखवलं नव्हतं. आता त्याला आबांचा आवाज हवा होता. दोन्ही कॉम्प्युटरवर त्याने क्लाउड बसवलं. "ताई, दोन दिवस नुस्तं चालू ठेव. सगळं आपोआप माझ्याकडं येतंय."

तो एसटी स्टँडवर पोचायच्या आत मी जुन्या कॉम्प्युटरवरून ते काढून टाकलं. फोनवर सांगितलं, त्या डब्याला नाही झेपत रे. मग पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंग भरून पाठवली. एक सोडून सगळी.

त्या एका सकाळी — कसं सांगू? — तिसऱ्या ओळीच्या पाण्याचं बोलता बोलता आबा थांबले होते. मग म्हणाले, "विनू आला तर त्याला म्हनावं, माझ्या मनात आता काय न्हाई. त्याच्या झाडाचे पेरू कुनाला तोडू दिले न्हाईत."

नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून आबांचं सगळं मीच केलं. अंघोळ, औषधं, अंथरूण. पण एकाही सकाळी त्यांच्या तोंडी माझं नाव नाही. मला विनूचा हेवा वाटला, एवढंच. दुसरं काही नाही. मग ते रेकॉर्डिंग पुसून का नाही टाकलं? आबांचा इतका मऊ आवाज मी पुन्हा कुठे ऐकला असता?

विनू अधूनमधून विचारतो, क्लाउड पुन्हा बसवून बघू का? मी म्हणते, नको, आहे तेही बंद पडेल.

दर बहाराला मी त्याला पेरूची पेटी पाठवते. यंदा फोनवर तो म्हणाला, "आबांचा माझ्यावरचा राग शेवटपर्यंत गेला न्हाई ना गं, ताई?"

"लवकर खा," मी म्हणाले, "पेरू पिकलेत."

फोन ठेवून मी ओसरीत गेले, जुना कॉम्प्युटर लावला आणि ती सकाळ पुन्हा ऐकली. एकटीनेच.